मानेचं लाकूड

सून दारात येऊन उभी राहिली तरी मिस्त्रींनी रंधा थांबवला नाही. चौकटीवरून एक लांब, पातळ छिलका निघत होता. तो पूर्ण सुटून खाली पडला, तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

"बाबा, येऊ का आत?"

"दार उघडंच आहे."

मुलगा गेल्यापासून ती कारखान्यात आली नव्हती. घरी यायची, पण बाजूच्या जिन्याने परस्पर वर जायची, सासूजवळ थोडा वेळ बसायची आणि तशीच खाली उतरून निघून जायची. घर वर, कारखाना खाली. जिन्यावर तिची पावलं वाजली की मिस्त्री करवतीचं यंत्र चालू करत. काम असो वा नसो.

मुलाला सगळे ठोक्या म्हणत. रांगायला लागल्यापासून जे हाताला लागेल ते, जे समोर असेल त्यावर ठोकायचं, हाच त्याचा उद्योग. पुढे त्याने पोटापाण्यासाठीही तेच केलं. एका बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा. त्याच बँडमध्ये ही बेस गिटार वाजवायची. जाड चार तारांची, घुमणाऱ्या खालच्या आवाजाची ती गिटार आणि ड्रम यांची जोडी असते म्हणे. दोघं एकमेकांकडे बघत वाजवतात. बघता बघता लग्न झालं. मग एका सकाळी दूरच्या गावाहून कार्यक्रम करून परतताना त्यांची व्हॅन रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. व्हॅन ती चालवत होती. ठोक्या शेजारी बसला होता. तो जागीच गेला. तिचं गळ्यापासून डाव्या खांद्यापर्यंतचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली.

मिस्त्रींनी तिला कधीच काही विचारलं नाही. लोकांना वाटलं, केवढं मोठं मन! मन मोठं वगैरे काही नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

तिने पिशवीतून पुठ्ठ्याचा एक कापलेला आकार काढला आणि कामाच्या टेबलावर ठेवला. गिटारचं अंग होतं ते, कमरेत बारीक, वर एक लांब शिंग.

"मला बेस बनवायचीय," ती म्हणाली. "स्वतः. पहिलीच."

"तयार मिळतात की."

"मिळतात. पण जड असतात. पट्टा याच खांद्यावर येतो." तिने डाव्या खांद्याला हात लावला. "हलकी घ्यावी तर अंग हलकं आणि मान, म्हणजे तारांचा लांब दांडा, जड होते. मग मान खाली लोंबते आणि डाव्या हाताने सारखी उचलून धरावी लागते. म्हणजे पुन्हा तोच खांदा. मी सध्या जिथे काम करते ना, वाद्यं दुरुस्त करायचं दुकान, तिथले मालक म्हणाले, तुझ्या अंगाच्या मापाची तूच बनव. पण त्यांच्याकडे लाकूड कापायची यंत्रं नाहीत."

मिस्त्री पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

"आणि लाकडातलं मला ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "ठोक्या नेहमी म्हणायचा, लाकडाचं बाबांना विचार. बाकी जगातलं काहीही दुसऱ्या कुणालाही विचार, बाबांना विचारू नको."

हे बोलणं इतकं त्याचं होतं, की मिस्त्रींना क्षणभर तो दारामागे उभा असल्यासारखं वाटलं. त्यांनी रंधा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

मागे जिन्याच्या पायरीवर त्यांची बायको येऊन उभी राहिली होती. मुलगा गेल्यापासून ती जेवढ्यास तेवढं बोलायची. "द्या हो तिला निवडून," ती म्हणाली. "तेवढंच पोरीला बरं वाटेल."

"उद्या सकाळी वखारीत ये," मिस्त्री म्हणाले.

वखार शहराच्या टोकाला, रेल्वेच्या मालधक्क्याजवळ होती. पत्र्याच्या उंच छपराखाली फळ्यांच्या थप्प्या, मधून हातगाडी जाईल एवढी वाट, आणि तोंडाशी स्टुलावर बसलेला वखारवाला. हा माणूस एवढा जाड आणि ते स्टूल एवढं लहान, की तो हवेत बसल्यासारखा दिसे. त्याची बडबड दिवसभर चालू असायची.

सुनेने पिशवीतून गिटारचा जुना पट्टा काढला. मिस्त्री फळी काढून देत, ती फळीला दोरीने पट्टा बांधे आणि फळी खांद्यावरून अडकवून उभी राही. कधी चार पावलं चाले. कधी नुसतीच डोळे मिटून उभी राही. मग नको म्हणून मान हलवी.

पहिल्यांदा त्यांनी साग दिला. तिने अडकवला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"दाराला याच्यासारखं लाकूड नाही," मिस्त्री म्हणाले. "पण दाराला खांदा नसतो. ठेव खाली."

मग पाइन. हलकं होतं, तिला आवडलं. पण मिस्त्रींनी त्यात नख रुतवून दाखवलं. "चार जाड तारा ओढून धरायच्या आहेत ना? यात स्क्रू टिकायचा नाही. वर्षभरात भोकं सैल होतील." अक्रोड सुंदर होतं, पण जड आणि मध्येच गाठाळ. शेवटी एका थप्पीच्या तळातून त्यांनी महोगनीची एक फळी ओढून काढली, लालसर, फिकी, आकाराच्या मानाने अंगाने हलकी. त्यांनी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केलं. तडा किंवा पोकळी असेल तर आवाज फुटतो, म्हणून ते आयुष्यभर तसं करत आले होते. सुनेने फळीला कान लावला आणि म्हणाली, "पुन्हा वाजवा." त्यांनी वाजवली. "याला सूर आहे," ती म्हणाली. मिस्त्रींना तडा नाही एवढंच ऐकू आलं.

तिने ती अडकवली. चालली. परत आली. "ही."

"आता मानेला काय घ्यायचं?" तिनेच विचारलं.

"मानेचं काम अवघड," मिस्त्री म्हणाले. हे सांगताना ते अगदी मनापासून सांगत होते. "अंग कसंही चालेल, मान चालणार नाही. लांब, बारीक, आणि तारांचा सगळा ताण तिच्यावर. मेपल घ्यायचं, कडक असतं. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे लाकूड वाळलेलं पाहिजे, आतून-बाहेरून. ओलं लाकूड वाळताना आपल्या मनासारखं वागतं. पिळवटतं. दार पिळवटलं तर रंधा मारून बसवता येतं. मान पिळवटली की संपलं."

ती लक्ष देऊन ऐकत होती. खांद्यावर अजून ती महोगनीची फळी लटकत होती.

वखारवाला स्टुलावरून म्हणाला, "बाई, आजवर माझ्याकडून लोकांनी फळ्या डोक्यावरून नेल्या, पाठीवरून नेल्या. दागिना घालून बघावा तशी फळी घालून बघणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं. आरसा आणू का?"

आणि ती हसली.

मोठ्याने नाही. पण खरं हसली, नाकातून फुसकन आवाज आला, आणि हात तोंडावर गेला. ठोक्या जेवताना काहीतरी बरळला की ती अशीच हसायची. तेव्हा मिस्त्रींनाही हसू यायचं. आज आलं नाही. माझा मुलगा मातीत आहे आणि हिला हसू येतं. हे वाक्य त्यांच्या मनात इतकं स्पष्ट उमटलं, की आपण ते बोललो की काय असं वाटून त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"तू इथेच थांब," ते म्हणाले. "मी मानेचं बघून येतो."

आतल्या शेडमध्ये मेपलच्या दोन फळ्या वेगळ्या उभ्या होत्या. वखारवाला हाशहुश करत मागून आला. "ही घ्या, डोळे झाकून घ्या," त्याने डावीकडची दाखवली. काळवंडलेली, धुळकट होती. "कित्येक वर्षं इथे पडून आहे, हाडासारखी वाळलीय. ती दुसरी दिसायला देखणी आहे, पण नवीन कापलेली. वरून कोरडी वाटेल. आत ओल आहे. तिला मी अजून विकायला काढलेली नाही."

मिस्त्रींनी दुसऱ्या फळीला गाल लावला. ओल असलेलं लाकूड गालाला गार लागतं. ती गार होती. रेघाही एका बाजूने तिरप्या पळत गेल्या होत्या.

"हीच दे," ते म्हणाले.

"मिस्त्री, अहो ओली आहे म्हणतोय ना."

"कळतं मला. दुसऱ्या कामाला हवीय."

वखारवाल्याने खांदे उडवले. लाकडाच्या बाबतीत मिस्त्रींना शिकवायला तो कोण?

बाहेर सुनेने फळीवरून हात फिरवला. पृष्ठभागावर पाण्यावर ऊन पडावं तशा लहरी होत्या. "किती सुंदर आहे, बाबा," ती म्हणाली.

"हं," मिस्त्री म्हणाले.

ती दुकानातलं काम संपवून दुपारनंतर कारखान्यात येऊ लागली. यंत्रावरची कापणी मिस्त्री करून देत. हाताचं काम तिचं. तिला रंधा धरता येत नव्हता. ती तो नुसता खांद्याने ढकलायची, त्यामुळे रंधा अडखळायचा. मिस्त्रींनी पाय कसे ठेवायचे ते दाखवलं, जोर खांद्यातून नाही, कमरेतून काढायचा ते दाखवलं. दाखवताना ते विसरून जात. शिकणाऱ्या माणसाचे हात समोर असले की त्यांना बाकी काही आठवत नसे. मग ती थांबे, डावा हात पोटाशी धरून भिंतीला टेके, दुखणं ओसरेपर्यंत दातांवर दात रोवून उभी राही, आणि त्यांना सगळं आठवे. कधी मुलगा आठवे, कधी ती फळी.

बायको चहा घेऊन खाली येऊ लागली. आधी कप ठेवून परत जायची. मग रिकाम्या खोक्यावर टेकू लागली. मग खोक्यावर उशी आली. "कमरेत अजून थोडी बारीक कर गं, माझ्यासारखी दिसतेय," ती एकदा म्हणाली, आणि दोघी हसल्या. मिस्त्रींनी मान वळवली. बायकोचा हसण्याचा आवाज ते विसरले होते.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ठरवलं की सांगायचं. आता, गोंद लागायच्या आत. मेपलला मानेचा आकार आला होता, आतल्या खाचेत लोखंडी सळई बसली होती, वरून शिसमाची पट्टी चिकटवायची तेवढी बाकी होती. सुनेने गोंदाची बाटली उचलली.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. बायकोच्या हातात कप होता. तिच्या गालावर रंग आला होता.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. गोंद पातळ लाव. जास्त झाला की बाहेर येतो."

तिने पातळ लावला. सांधा दाबून धरणारे शिकंजे आवळले. मिस्त्रींनी स्वतःशी म्हटलं, सगळंच ओलं लाकूड काही पिळवटत नाही. कधी कधी बसतंही जागच्या जागी. वर शिसम आहे, आत सळई आहे, धरून ठेवतील. आयुष्यभर गिऱ्हाइकांना जे सांगू नका म्हणून ते इतर सुतारांवर डाफरले होते, तेच ते आता स्वतःला सांगत होते.

शिकंजे लावून झाल्यावर बायको कप घेऊन वर गेली. सून पॉलिश पेपरने अंगाची कड घासत होती. मान खाली घालूनच ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला कधी विचारलं नाही. म्हणून मीच सांगते. पोलिसांना मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन आलं. खोटं होतं ते. माझा डोळा लागला होता. क्षणभरच. त्याने विचारलं होतं, मी घेऊ का गाडी? मी म्हटलं, झोप तू, मी ठीक आहे." पेपर तिच्या हातात तसाच राहिला. "तो ड्रम वाजवून थकला होता. मीही थकले होते. पण मी म्हटलं, मी ठीक आहे."

मिस्त्रींना वाटलं होतं, हे ऐकलं की आपण हिचा गळा धरू. आता ऐकलं, आणि हात टेबलावरच राहिले. एखादं फार जड लाकूड बराच वेळ उचलून धरल्यावर हात बधिर होतात तसं झालं. ती त्यांच्याकडे बघत होती. काहीतरी बोलावं, शिवी द्यावी, हाकलून द्यावं, यांपैकी काहीही चाललं असतं तिला.

"कडेला हात सांभाळून," ते म्हणाले. "कुसळ जाईल बोटात."

याच वेळी सांगायला हवं होतं, हे त्यांना नंतर शंभरदा वाटलं. तिने तिचं टेबलावर ठेवलं होतं. त्यांनी आपलं खिशातच ठेवलं.

बेस तयार झाली. तारा चढल्या. तिने ती खांद्यावरून अडकवली आणि दोन्ही हात सोडून दिले. मान खाली आली नाही. गिटार तिच्या अंगावर तिरपी, शांत लटकत राहिली. मग तिने सगळ्यात जाड तार वाजवली. आवाज कानाआधी पायात आला. टेबलावरचे खिळे थरथरले. बायकोने टेबलावर तळवा ठेवला. "अगं बाई, हे तर पोटात वाजतंय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. सुनेने एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवली, साधी, चालल्यासारखी, मध्ये मध्ये जागा सोडून. त्या जागा कुणाच्या होत्या ते तिघांनाही कळत होतं.

ती बेस घेऊन गेली. जुन्या बँडमधल्या लोकांनी तिला बोलावलं होतं. मिस्त्री रोज जिन्याकडे कान लावून असत. आता यंत्र चालू करत नसत.

पावसाळा सरून हवा कोरडी झाली तेव्हा ती आली. बेस टेबलावर ठेवली आणि बाजूला झाली. मिस्त्रींना सरळपट्टी लावायचीही गरज नव्हती. टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं तर मान ओला टॉवेल पिळावा तशी फिरलेली दिसत होती. एका बाजूच्या तारा पट्टीला टेकल्या होत्या, दुसऱ्या बाजूच्या उचलल्या गेल्या होत्या. शिसमाच्या कडेला सांधा उघडला होता.

"परवा सरावाला सगळ्यांसमोर काढली," ती म्हणाली. "नुसती खरखर. आधी वाटलं, तारांचं काहीतरी असेल. मालकांनी सळई आवळून पाहिली. ते म्हणाले, सळईने बाक जातो, पीळ जात नाही." ती खोक्यावर बसली. बायको जिन्यावरून उतरत होती, ती मध्येच थांबली. "माझंच चुकलं असणार. शिकंजे वेडेवाकडे आवळले असतील. तुम्ही थांब म्हणालात तेव्हाच गोंद जास्त झाला असेल. मी सारखी आठवतेय, नेमकं कुठे चुकलं. मला झोप येत नाही, बाबा." तिने आपले हात पुढे धरले आणि त्या हातांकडे बघितलं, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. "माझ्या हातात काही देऊच नये कुणी. गाडी दिली, ती अशी. हे तुम्ही एवढं शिकवलंत, ते असं. मी सोडते आता हे. वाजवणंही सोडते."

बायको म्हणाली, "अगं, लाकडाचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं. हे दुरुस्त करून देतील. हो ना हो?"

मिस्त्रींनी सरळपट्टी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. ती नीट अडकली नाही, म्हणून पुन्हा अडकवली.

"लाकूड ओलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मान. ओली होती. मला माहीत होतं. शेजारी वाळलेली फळी होती, वखारवाला तीच घ्या म्हणत होता. मी ही घेतली."

सुनेला समजायला वेळ लागला. समजत गेलं तसतसा तिचा चेहरा स्थिर होत गेला. "चुकून?"

"नाही."

"का?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. मिस्त्री म्हणाले, "तू हसलीस. वखारीत. तो काहीतरी बोलला आणि तू हसलीस."

जिन्यावरून बायकोचा आवाज आला, अगदी बारीक. "हसली म्हणून?"

सून उठली. ओरडली नाही. तिने बेस उचलली, पट्टा गुंडाळला, बेस पिशवीत घातली आणि चेन लावली. चेन मध्ये अडकली, तिने ती सोडवली.

"मी इथे बसून तुम्हाला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तेव्हाही तुम्हाला माहीत होतं. आणि मी परवापासून स्वतःचे हात बघतेय." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "माझा डोळा लागला होता. तुम्ही डोळे उघडे ठेवून केलंत."

ती गेल्यावर मिस्त्री बायकोकडे वळले. जिना रिकामा होता.

बायकोने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. ताट वाढायची, कपडे काढून ठेवायची, आणि त्यांच्याकडे अशी बघायची जसा समोरचा माणूस तोंडओळखीचा आहे पण नाव आठवत नाही. खोक्यावरची उशी तिने वर नेली. दुपारी ती सुनेच्या खोलीवर जाऊ लागली. तिथे काय बोलतात ते मिस्त्रींना कधी कळलं नाही.

मिस्त्री वखारीत गेले. वाळलेली फळी विकली गेली होती. त्यांनी इतर वखारी पालथ्या घातल्या. कुठे रेघा तिरप्या, कुठे गाठी, कुठे लाकूड वाळलेलं पण लांबी कमी. शेवटी एका जुन्या व्यायामशाळेची इमारत पाडत होते, तिथे तळाला मेपलच्या पट्ट्यांची जमीन होती. कित्येक पिढ्यांनी तिच्यावर उड्या मारल्या असतील. मिस्त्रींनी मुकादमाच्या विनवण्या केल्या, गुडघ्यांवर बसून पट्टी न् पट्टी तपासली, खिळ्यांची भोकं नसलेल्या तेवढ्या उचकटून काढल्या. घरी आणून त्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या, एकीच्या रेघा दुसरीच्या उलट, म्हणजे एकीला पिळायची लहर आली तर दुसरी तिला धरून ठेवेल. ठोकळा तयार झाला. त्याला आकार त्यांनी दिला नाही. तेवढा हक्क आपल्याला उरला नाही, हे त्यांना समजत होतं.

ठोकळा कापडात गुंडाळून ते वाद्यांच्या दुकानात गेले. छताला गिटारी टांगलेल्या, मोठ्या दिव्याखाली टेबल. सून एका गिटारच्या तारा काढत होती. तिने त्यांना पाहिलं. बसा म्हटलं नाही.

"जुन्या जमिनीचं आहे," मिस्त्री म्हणाले. "वाळलेलं."

तिने कापड उलगडलं. खणातून ओल मोजायचं यंत्र काढलं. "हे आता आम्ही आणलंय," ती म्हणाली, आणि ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना, मध्ये, खाली, सगळीकडे त्याचे दोन काटे टोचून पाहिले. मग आतून मालकांना हाक मारली. "जरा तुम्हीही बघा." मालकांनी चष्मा चढवून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. म्हणाले, "फार चांगलं आहे." मिस्त्री टोपी हातात घेऊन उभे होते. आयुष्यात त्यांचं लाकूड कुणी असं त्यांच्यासमोर तपासलं नव्हतं.

"ठेवून जा," सून म्हणाली.

"मी काही मदत—"

"नको."

ते दारापर्यंत पोहोचले तेव्हा ती म्हणाली, "आईंना सांगा, उद्या येऊ नका, मी सरावाला आहे." बस एवढंच.

तिने मान तिथेच केली, एकटीने. त्याला बरेच महिने लागले. ऐन उन्हाळ्यात शहरातल्या एका छोट्या सभागृहात बँडचा कार्यक्रम झाला, दुपारचा. बोलावणं बायकोला आलं. मिस्त्रींनी तिला सभागृहाच्या दारापर्यंत सोडलं, मग कारखान्यात जाऊन एकाच फळीला संध्याकाळपर्यंत पॉलिश पेपर घासत बसले.

बायको आली. पायातल्या चपला काढायलाही तिला वेळ लागला.

"कशी वाजली?" त्यांनी विचारलं.

"चांगली वाजली."

"मान?"

"मला काय कळतं त्यातलं. सरळ होती." ती पाणी प्यायली. "ड्रमवर दुसरा मुलगा होता. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. शेवटी शेवटी खांदा फार दुखत होता तिचा, चेहऱ्यावरून कळत होतं. तरी उभी राहिली." पेला खाली ठेवून म्हणाली, "तुमच्याबद्दल विचारलं नाही."

त्या दिवसानंतर बायको पुन्हा थोडंफार बोलू लागली. फार नाही. एका घरात दोन माणसांना राहायला जेवढं लागतं तेवढं.

सून रविवारी येते. बाजूच्या जिन्याने वर जाते. कारखान्याचं दार उघडं असतं. ती तिकडे वळत नाही. मध्यंतरी एका रविवारी बायको खाली आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "ती विचारतेय, दुकानात कुणीतरी हलकी बेस बनवून मागितलीय. अंगाला महोगनीशिवाय दुसरं काय चालेल?"

मिस्त्रींनी विचार केला. दोन लाकडांची नावं सांगितली, कुठल्याला किती वाळवायचं, कुठल्यात कीड बघून घ्यायची, वखारीत कुठल्या कोपऱ्यातल्या थप्पीत मिळेल, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला, बायकोला एवढं लक्षात राहील की नाही या काळजीने. बायको वर गेली. छतावर पावलांचा, मग बोलण्याचा आवाज आला. ते ऐकत उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात वखारवाला भेटला. म्हणाला, "तुमची सून आली होती, मिस्त्री. तुम्ही सांगितलेल्या थप्पीशी गेली. एकेक फळी स्वतः खाली घेतली, ते यंत्र टोचून बघितलं. तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर कशाला बघायचं, असं मी म्हटलं तिला."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. पुन्हा टोचून बघितलं."

"बरोबर केलं तिने," मिस्त्री म्हणाले, आणि दाराच्या चौकटीसाठी साग बघायला आत गेले.